लोलक हलतो, पण रेघ सरळच (माझा अनुभव)

फोंड्याला घराच्या मागच्या खोलीत, चिऱ्यांच्या भिंतीलगत, मी आडव्या लोलकाचा भूकंपमापक बसवलाय. एका झोक्याला 18 सेकंद. दांडीच्या टोकाला लोहचुंबक, शेजारी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. दार आपटलं की आलेखाची रेघ उसळायची, पण दूरच्या भूकंपाच्या संथ लाटा कधी उमटल्याच नाहीत.

कॉइलमधला व्होल्टेज लोलकाच्या वेगावर ठरतो, तो किती सरकला यावर नाही, हे उशिरा उमगलं. हालचाल जितकी संथ, तितका सिग्नल क्षीण.

मग कॉइल काढली. दांडीला काळ्या पत्र्याची पट्टी लावली. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर दोन फोटोडायोड (उजेड टिपणारे सेन्सर) शेजारी शेजारी. पट्टी सरकली की एकावरचा उजेड वाढतो, दुसऱ्यावरचा घटतो. त्यांतला फरक मोजायचा. एकच डायोड लावू नका. एलईडी जरा मंदावला तरी जमीन हलल्यासारखं दिसतं. फटीतून दुपारचा कवडसा आला की रेघ सरकायची, म्हणून पेटीच्या सगळ्या फटी बुजवून आतून काळा रंग दिला. झोके आवरायला दांडीवरची ॲल्युमिनियमची चकती दोन चुंबकांमधून फिरते.

आता पावसात दर्या खवळला की रेघेवर पाच-सहा सेकंदांची बारीक लहर सतत दिसते. पहिल्यांदा दिसली, तेव्हा आईला हाक मारून दाखवली.