बाबांची स्की बोट: आधी सह्या, मग ट्रान्सम, रंग सगळ्यात शेवटी

बाबा गेल्यावर घरात वाटणीची बोलणी झाली तेव्हा बोट कुणीच मागितली नाही. गोव्यातल्या बेतीच्या घरामागे फणसाखाली निळ्या ताडपत्रीत ती अकरा वर्षं पडून होती. स्की बोट, म्हणजे पायाला फळ्या लावून पाण्यावर घसरणाऱ्याला दोरीने मागे ओढणारी. पंधरा फुटी, फायबरची, मागे यामाहाचं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, कडेने मोहरीच्या रंगाचा पट्टा. दादा म्हणाला, भंगारात दे. मी म्हटलं, मला दे. तीन वर्षं आणि एका नव्या स्कूटरपेक्षा थोडे जास्तच पैसे घालून मी ती परत मांडवीत उतरवली. आता ओळखीत कुणाचे काका-मामा अशी बोट मागे ठेवून गेले की मला फोन येतो, आणि पहिला प्रश्न हमखास असतो, रंग कुठला मारू? रंगाचं मी शेवटी सांगणार आहे, तेही दोन ओळींत.

१९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांचे प्रमुख आग्वादला येऊन राहिले, त्या सुमारास किनाऱ्यावरच्या हॉटेलांत बऱ्याच वस्तू नव्या आल्या आणि जुन्या निघाल्या. पुढच्या वर्षी एका हॉटेलाने काढलेली ही बोट बाबांनी घेतली. ते खनिजाच्या बार्जच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे इंजिन त्यांना कळायचं. फायबर कळत नव्हतं. हे मला चाळीस वर्षांनी समजलं, ते पुढे येईलच.

सह्या

बोटीला हात लावण्याआधी ती तुमची आहे का ते बघा. गोव्यात हे इतर राज्यांसारखं नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे बाबांच्या नावावरच्या बोटीतली अर्धी आधीपासून आईचीच. उरलेल्या अर्ध्यात आम्ही तिघं सारखे वाटेकरी, मुलगी म्हणून मला कमी नाही आणि मुलगा म्हणून दादाला जास्त नाही. माझ्या वाट्याला बोटीचा सहावा हिस्सा आला. सहावा हिस्सा म्हणजे काय, स्टिअरिंग? शिवाय भावंडांच्या जोडीदारांचाही त्यात हक्क लागतो, म्हणून वहिनीची आणि मेहुण्यांचीही सही हवी. वहिनीला तर आपल्या सासरी बोट आहे हेच ठाऊक नव्हतं.

वारसदार कोण हे ठरवणारा दस्त स्पेशल नोटरीकडे होतो. भावंडांत एकमत असेल तर तेवढ्यावर काम पुढे सरकतं. भांडण असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचं प्रकरण, आणि मग बोट विसरा. आम्ही घराचा दस्त करताना त्यातच बोट घातली. सगळे एकदा जमले होते तेव्हाच सह्या घेतल्या, हे त्या तीन वर्षांतलं माझं सगळ्यात शहाणपणाचं काम.

नोंदणी पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात. जुना नोंदणी क्रमांक बोटीच्या नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, रंगवलेला असतो. घासायला घेण्याआधी त्याचा आणि इंजिनावरच्या नंबराच्या पट्टीचा फोटो काढा. मी क्रमांक आधी घासला आणि मग बाबांच्या ट्रंकेतले कागद दोन रविवार उपसत बसले. पैसे घेऊन लोकांना ओढायचा विचार असेल तर तो वॉटर स्पोर्ट्सचा धंदा झाला, त्याचे परवाने वेगळे.

ट्रान्सम

बोटीची मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. इंजिन तिथे टांगलेलं असतं, आणि आमच्यासारख्या बोटीत स्कीची दोरीही तिथल्याच कड्यांना. खऱ्या स्की बोटीत इंजिन मधोमध असतं आणि दोरीचा खांब त्याच्या पुढे, म्हणून मागची लाट सपाट राहते. आपल्याकडे बहुतेक जुन्या बोटी आउटबोर्डच्या, इंजिन बाहेर टांगलेल्या, म्हणजे सत्तरेक किलोचं इंजिन, त्याचा जोर आणि ओढला जाणारा माणूस, सगळं त्या एका भिंतीवर. बाहेरून ती फायबर दिसते, पण आत प्लायवूड असतं. आतलं लाकूड कुजलं तरी बाहेरची चकाकी तशीच राहते.

तपासायची पद्धत फणसाची. कच्चा फणस टणटण वाजतो, पिकला की धप्प. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्समवर इंचाइंचाला ठोकत जा. मग इंजिन वर उचला, त्याच्या पायावर, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागावर, भार द्या आणि दुसऱ्या कुणाला भिंत हलते का ते पाहायला सांगा. शंका आली तर आतल्या बाजूने सहा मिलिमीटरचं ड्रिल मारा, बाहेरची कातडी न फोडता. फिकट, कोरडा भुसा निघाला तर देव पावला.

माझ्या ड्रिलला पहिल्या दोन भोकांत फिकट भुसा लागला आणि मी मनात चहा ठेवला. तिसरं भोक खाली, शिडीच्या बिजागरीजवळ. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, बाहेर काढल्यावर काळपट लगदा आला आणि त्यामागून चहाच्या रंगाच्या पाण्याची बारीक धार. वास पाण्यात कुजत टाकलेल्या नारळाच्या सोडणांचा. मी बोलावलेला मेस्त, म्हणजे सुतार, बाजूलाच उभा होता. बोटाने लगदा चिमटला, हुंगला आणि म्हणाला, "हें लाकूड कुसलां, बाय." मग शिडीचे स्क्रू दाखवले. ती शिडी बाबांनी आम्हा मुलांना पाण्यातून चढता यावं म्हणून बसवली होती. चार स्क्रू सरळ लाकडात, भोकं वरून लांबीने (पुटीने) बुजवलेली, त्यावर व्यवस्थित रंग. इंजिनाचा एक नट सैल राहिला तर रात्री झोप न येणारा माणूस, पण स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं आणि लांबीमुळे ते परत बाहेर येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. जुनी बोट उघडलीत की आधीच्या मालकाच्या अशा दुरुस्त्या थरावर थर निघतात. रागवायचं नाही, पण एकही तशीच ठेवायची नाही.

काम असं. आतल्या बाजूची कातडी ग्राइंडरने कापून काढा, कडेला दोन-तीन इंच पट्टी राखून. कुजकं लाकूड छिन्नीने उकरा. बाहेरची कातडी हा तुमचा साचा, तिला धक्का नको. पुठ्ठ्याचा नमुना कापा, त्यावरून १८ मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नको. कडांना रेझिन, म्हणजे फायबरचा घट्ट होणारा चिकट द्रव, पाजा, दोन्ही एकमेकांना चिकटवा, मग बाहेरच्या कातडीला. आवळायला क्लॅम्प पुरत नाहीत, म्हणून इंजिनाच्या बोल्टची भोकं आत्ताच पाडून त्यातूनच बोल्ट कसा. आतले कोपरे रेझिनच्या घट्ट लांबीने गोलसर करून घ्या, कारण काचेची मॅट काटकोनात वळत नाही, मागे हवा धरते. मग मॅट, रोव्हिंग (काचेचं जाड विणलेलं कापड), पुन्हा मॅट, आणि प्रत्येक थरातली हवा रोलरने बाहेर.

रेझिनबद्दल एक गोष्ट कानात तेल घालून ऐका. आपल्याकडे बरेचदा रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर अशा तीन वेगळ्या बाटल्या मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. दोघांना एकच चमचासुद्धा नको. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा हवाच. फायबर घासताना मास्क आणि पूर्ण बाह्या, आणि नंतर आंघोळ थंड पाण्याने.

आणि हंगाम. मी हौसेने एप्रिलमध्ये सुरुवात केली. त्या उन्हात रेझिन डब्यातच तापून दगड झालं, असे चार डबे फेकले. जूनचा पाऊस आला तेव्हा ट्रान्सम उघडाच होता. ताडपत्री घट्ट बांधली, तर आत हवा खेळेना, आणि श्रावणात उघडली तेव्हा सीटवर बुरशीची दुलई. एक अख्खं वर्ष गेलं. काम दिवाळीनंतर सुरू करा, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत फायबर उरका. एका वेळी पाव किलोच्या वर रेझिन कालवू नका, हार्डनर एक टक्क्याच्या आसपास ठेवा. पावसाळ्यात ताडपत्री तंबूसारखी बांधा, दोन्ही टोकं उघडी ठेवून.

ट्रान्सम कुजला असेल तर बोटीच्या तळफळीखालचा फोमही बघून घ्या. आमच्याकडचा फोम पाणी पिऊन इतका जड झाला होता की एक तुकडा दोघांना उचलेना. नवा घालताना तळाशी पाणी मागच्या, पाणी काढून टाकायच्या बुचापर्यंत वाहत येईल एवढी वाट ठेवा.

शिडी मी परत बसवली, तीच. या वेळी आरपार बोल्ट, मागे स्टीलची पट्टी, भोकाची आतली कड रेझिनने बंद केलेली आणि पॉलियुरेथेन सीलंट.

इंजिन

इथे मी लवकर आटोपते, कारण हे काम आउटबोर्डच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावं. मालीमच्या जेटीवर मासेमारी बंद असते तेव्हा, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, त्यांना थोडी उसंत असते. तुम्ही एवढं बघा. प्लग काढून दोन्ही-तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एकच खूप खाली असेल तर खर्चाची तयारी ठेवा. गिअरचं तेल काढून बघा, दुधाळ निघालं तर सील गेलंय. पाणी खेचणारा रबरी इम्पेलर डोळे मिटून नवा घाला. इंजिन कोरडं एक मिनिटही चालवायचं नाही, पाण्याच्या पिंपात पाय बुडवूनच. चालू झाल्यावर मागून पाण्याची धार यायला हवी. बाबा आम्हाला ओरडून विचारायचे, "मुततंय का गो?" आणि आम्ही शहाण्या मुलींसारख्या मान डोलवायचो.

पेट्रोलची जुनी नळी, फ्यूएल पंपाचा पडदा आणि प्राइमरचा फुगा बदला. पंपावरच्या आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं आणि दमट हवेतलं पाणी शोषतं. म्हणून टाकी भरून महिनाभर ठेवू नका. ऑइलचं प्रमाण तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघा, आमचं ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. आउटबोर्डचंच ऑइल, मोटरसायकलचं नव्हे. मांडवीत समुद्राची भरती आत शिरते, म्हणजे पाणी खारट-निमखारट, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुवा. पायाजवळचा ॲनोड, म्हणजे धातूचा तुकडा, अर्धा झिजला की बदला, आणि त्यावर रंग तर मुळीच मारू नका. इंजिनाऐवजी गंजून जाणं हेच त्याचं काम.

पाण्यावर

लाकडी स्क्याही मिळाल्या, माळ्यावर. पाय अडकवायचं रबर हात लावताच चिकट वडीसारखं तुटलं, ते नवं घातलं, फळ्यांना वॉर्निशचे चार हात दिले. हा खेळ १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोराने सुरू केला. त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या होत्या. तेव्हा स्की जुन्या दिसल्या तर लाजायचं कारण नाही.

दोरी ७५ फुटी, न ताणणारी. बोट चालवणारा पुढे बघणार, म्हणून मागे बघणारा दुसरा माणूस बोटीत हवाच. किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, चालवणाऱ्याच्या मनगटाला. जागा निवडताना जाळ्यांचे खुंटे भरतीला पाण्याखाली जातात हे लक्षात ठेवा, आदल्या दिवशी ओहोटीला जाऊन ते बघून या. फेरीबोटीच्या वाटेपासून लांब, सकाळी वारा सुटायच्या आत. कुंभारजुव्याच्या कालव्यात शांत पाणी आहे, पण तिथे मगरीही आहेत. बाबा आम्हाला तिथे न्यायचे नाहीत आणि मीही लेकीला नेत नाही.

रंगाचं. बोट ट्रेलरवर राहणार असेल तर नवा रंग नको. जुना जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकाकीचा थर, पाण्याचा कागद लावून घासा, ४०० पासून १५०० पर्यंत चढत जा, मग पॉलिश आणि मेण. मोहरीचा पट्टा त्याखालून आपला आपण वर आला.

पहिल्या दिवशी भरतीच्या दोन तास आधी उताराकडे गेलो. आई काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, दादाही आला होता, हातात मोबाइल. बोट ट्रेलरवरून सुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तीन मिनिटांत माझे घोटे पाण्यात. तीन वर्षांची मेहनत, नवा ट्रान्सम, नवा फोम, आणि तळाचं बुच माझ्या पर्समध्ये. दादाने ते सगळं चित्रित केलं आहे. तेव्हापासून बुच किल कॉर्डलाच बांधून ठेवते. बुच काढून जागेवर घातल्याशिवाय कॉर्ड मोकळी होत नाही, आणि कॉर्डशिवाय इंजिन लागत नाही.