बायोसच्या सेटिंग्ज वारंवार पुसल्या जात असतील तर

डेस्कटॉप सुरू करताच पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ (सेटिंग्जच्या मेमरीतली माहिती जुळत नाही) असा संदेश येतो, तारीख काही वर्षे मागे गेलेली असते आणि आपण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ठरवलेला बूटक्रम (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम) मूळ स्थितीत परतलेला असतो. अशा वेळी बहुतेक जण लगेच मदरबोर्डवरचा सेल बदलतात. बऱ्याचदा तेवढ्याने काम भागते. पण सेल नवा असूनही तक्रार कायम राहिली, की पुढे काय तपासावे हे उमगत नाही. म्हणून स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी एकच गोष्ट नोंदवावी : सेटिंग्ज नेमक्या केव्हा जातात?

या प्रश्नाला महत्त्व का आहे, हे सेलचे काम समजून घेतले की कळते. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी-एटीमध्ये घड्याळ आणि सेटिंग्ज एकाच चिपमध्ये ठेवलेल्या होत्या. त्या चिपच्या ६४ बाइटपैकी १४ घड्याळाच्या कामासाठी होत्या, तर उरलेल्या ५० सेटिंग्जसाठी मोकळ्या होत्या. आजच्या मदरबोर्डवर बऱ्याचशा सेटिंग्ज विजेविना टिकणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये असतात, मात्र घड्याळ अजूनही सेलवरच चालते आणि सेलवर जगणारी ती छोटी मेमरी (सीमॉस) पुसली गेल्याचे आढळले, तर अनेक बोर्ड सरळ कारखान्यातील मूळ सेटिंग्ज लावून मोकळे होतात. दुसरी बाब अशी की, संगणक बंद असला तरी प्लग आणि स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपुरवठा युनिटकडून) बोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत राहतो आणि घड्याळाला सेलची गरज भासत नाही. सेलचे खरे काम सुरू होते ते हा पुरवठा तुटल्यावर.

त्यामुळे चाचणी सोपी आहे. बायोसमध्ये वेळ बरोबर लावून एखादी निरुपद्रवी सेटिंग बदलावी आणि ‘सेव्ह’ करूनच बाहेर पडावे. जतन न करता बाहेर पडणे हेसुद्धा या तक्रारीचे एक कारण असते. नंतर एक रात्र संगणक बंद, पण स्विच चालू ठेवावा आणि दुसऱ्या रात्री प्लगच काढून ठेवावा. पाचदहा मिनिटे प्लग काढून निष्कर्ष काढू नये, कारण बोर्डवरील कपॅसिटरांत साठलेला विद्युतभार तेवढा वेळ मेमरी तगवू शकतो.

फक्त प्लग काढल्यानंतरच सेटिंग्ज जात असतील, तर संशय सेल, त्याचा होल्डर किंवा जंपर (बोर्डवरील दोन पिना जोडणारी छोटी टोपी) यांच्यावर घ्यावा. बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा सेल असतो. प्लग काढून मल्टिमीटरने त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) मोजावा. सेल होल्डरमध्येच असताना मोजलेला दाब अधिक विश्वासार्ह असतो, कारण बाहेर काढलेला जुना सेल भाराविना फसवा चांगला आकडा दाखवू शकतो. दाब २.८ व्होल्टच्या खाली गेला असेल, तर फार विचार न करता सेल बदलावा. दिसायला अगदी तसाच असणारा एलआयआर२०३२ मात्र लावू नये. तो रिचार्जेबल असून पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

सेल बदलण्याआधी, सेटिंग्ज शाबूत असतील तर, बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शन सुविधेने) कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी की आधीच शोधून ठेवावी, नाहीतर सिक्युअर बूट किंवा टीपीएम (सुरक्षा चिप) यांची सेटिंग बदललेली दिसताच विंडोज ती मागून बसेल. प्लग काढल्यावर पॉवरचे बटण दहाएक सेकंद दाबून धरावे, केबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावावा आणि मगच आत हात घालावा. सेल ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असणे नित्याचेच. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर तिरका घालून झटापट करण्यापेक्षा कार्ड काढणे बरे. आडव्या होल्डरमध्ये अधिक चिन्हाची बाजू सहसा वर येते. संपर्कपट्टीवर काळपटपणा असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळलेला बटन सेल दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकतो.

त्याच वेळी सीमॉस पुसण्याचा जंपर पाहावा. कोणी दुरुस्तीच्या वेळी तो पुसण्याच्या जागी लावून विसरला असेल, तर कितीही सेल बदलले तरी उपयोग होणार नाही.

सेल बसवल्यावर तारीख, वेळ आणि बूटक्रम लावावा. साटा कंट्रोलरचा (डिस्क जोडणाऱ्या भागाचा) प्रकार, म्हणजे रेड की एएचसीआय, पूर्वीचाच आहे ना, हे विशेष काळजीने पाहावे. रेडवर चालणारी विंडोज एएचसीआयवर गेली, तर तिला आपली डिस्कच सापडत नाही आणि निष्कारण डिस्क बिघडल्याचा समज होतो.

प्लग जागचा न हलताही सेटिंग्ज मूळपदी येत असतील, तर सेलला दोष देऊ नये. मेमरीचा वेग एक्सएमपीने (बायोसमधील तयार वेगवान सेटिंगने) वाढवला असेल किंवा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) असेल, तर सुरू होण्याचे काही प्रयत्न फसल्यावर बोर्ड स्वतःच सुरक्षित सेटिंग्जवर परततो. ते सारे काढून काही दिवस वापरून पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर बायोसची नवी आवृत्ती टाकावी आणि शक्य असल्यास दुसरा एसएमपीएस लावून पाहावा.

केवळ वेळच चुकते, तीही दरवेळी ठरावीक तासांनी, अशी तक्रार असेल, तर ती बहुधा एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असल्याची खूण असते. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ धरते, तर लिनक्स सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). दोघांपैकी एकीची सवय बदलली की प्रश्न मिटतो.

राहता राहिला तो चिवट प्रकार, म्हणजे नवा सेलही काही आठवड्यांत संपणे. सीआर२०३२ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते आणि घड्याळ जेमतेम काही मायक्रोअँपिअर खाते. ५ मायक्रोअँपिअर धरले, तरी ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षे निघतात. आठवड्यांत सेल संपत असेल, तर बोर्डवर कुठेतरी गळती आहे : साचलेली दमट धूळ, बिघडलेला कपॅसिटर किंवा सेलच्या वाटेवरचा डायोड. सेलभोवतीचा भाग स्वच्छ करून पाहणे घरी जमते. डायोड बदलणे हे सोल्डरिंगमध्ये मुरलेल्या हाताचे काम आहे. तोवर मुख्य स्विच बंद न करता संगणक वापरला, तर स्टँडबाय पुरवठ्यावर सेटिंग्ज टिकून राहतात.