तान्ह्या पोळ्यासाठी चाकांचा गोड नंदी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक आटोपते आणि दुपार कलली की मुले लाकडी नंदी घेऊन दारोदार निघतात. नंदीची पूजा करून मुलांच्या हाती बोजारा, म्हणजे खाऊ किंवा भेट द्यायची, ही आपली रीत. या बोजाऱ्यात घरी केलेला, खाता येणारा नंदी असावा असे मला मनापासून वाटते. लाकडी नंदी कोणाचा हातभर उंच असतो, कोणाचा वीतभर, आणि एखाद्या मुलाकडे तो नसतोच. खाऊचा नंदी मात्र सर्वांना सारखाच मिळतो.

साधारण 15 नंदींसाठी 2 वाट्या कणीक, 2 चमचे बारीक रवा, अर्धी वाटी चिरलेला गूळ, 3 मोठे चमचे तूप, चिमूटभर मीठ आणि वेलचीपूड घ्यावी. गूळ पाव वाटी कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण थंड करावा. कणीक-रव्यावर कडकडीत तुपाचे मोहन घालून ते पिठाला चोळावे आणि मूठ वळली की गुळाचे पाणी बेताबेताने घालून घट्ट गोळा मळावा. मोहन वाढले, तर नंदी कढईतच विरघळू लागतो. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा.

साचा विकत आणण्याची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर बाजूने दिसणारा बैल काढून कापावा आणि त्यावर स्वच्छ प्लास्टिक गुंडाळावे. चित्रकला फारशी साधली नाही तरी चालेल, परंतु वशिंड आणि शिंगे ठसठशीत हवीत, कारण त्यांच्यामुळेच मूल त्याला नंदी म्हणून ओळखते. शिंगांची टोके बारीक ठेवली तर ती आधी करपतात, आणि पाय निमुळते ठेवले तर उभे करताना मोडतात. म्हणून दोन्ही जाडसर ठेवावेत. पोळी सुमारे 4 मिलिमीटर जाड लाटून, साचा ठेवून सुरीच्या टोकाने आकार कापावेत. पहिल्या वर्षी मी पोळी याहून जाड लाटली होती; वरून तांबूस दिसणारे नंदी आतून कच्चे निघाले आणि सगळा घाणा वाया गेला. प्रत्येक नंदीला काट्याने टोचे मारावेत, म्हणजे तो पुरीसारखा फुगून वाकडा होत नाही. उरलेल्या पोळीतून बाटलीच्या झाकणाने प्रत्येकी 4 चाके कापावीत.

तेल मध्यम तापवावे. पिठाची गोळी सोडल्यावर ती सावकाश वर आली, म्हणजे तेल योग्य आहे. मंद आचेवर हलका बदामी रंग येईपर्यंत तळून लगेच काढावे. गुळामुळे बाहेर काढल्यावरही रंग चढतो आणि मऊ वाटणारा नंदी गार झाल्यावर खुसखुशीत होतो. हे दिवस पावसाळी हवेचे असल्यामुळे पूर्ण गार झाल्यावर ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, नाहीतर सादळतात.

नंदीची गाडी म्हणून ओल्या नारळाची वडी उत्तम. संत्रा बर्फी आपल्या गावाची खरी, पण आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, आणि विकतची बर्फी मऊ असल्यामुळे नंदी कलतो. 2 वाट्या खवलेला नारळ, सव्वा वाटी साखर आणि पाव वाटी दूध आटवत राहावे. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की ते ताटात दोन बोटे जाड थापावे. गरम असतानाच लांबट वड्या पाडून प्रत्येक वडीत सुरीने खोल खाच करावी. वड्या गार झाल्यावर नंदीचे पाय खाचेत रोवावेत आणि घट्ट गुळाच्या पाकाचा थेंब लावून बाजूंना चाके चिकटवावीत. टूथपिक कुठेही वापरू नये, कारण खाणारी मुले लहान असतात. ही जोडणी त्याच दिवशी सकाळी करावी, आणि चाके चिकटवण्याचे काम घरातील मुलांकडेच द्यावे.

गोडाबरोबर तिखट हवे असेल तर आलू-पोंगा करावा. उकडलेल्या बटाट्यात मीठ, लिंबू, थोडे तिखट आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर मिसळून ते तळलेल्या पोंग्यांत, म्हणजे नळीच्या आकाराच्या कुरकुऱ्यांत भरावे. भरलेले पोंगे लवकर मऊ पडतात, म्हणून मुले दारात आल्यावरच भरायला घ्यावेत. काही पोंगे रिकामेच द्यावेत, कारण ते पाचही बोटांत घालून खाण्यात मुलांना अधिक गंमत वाटते.

ओळखीची 15 मुले येणार असतील, तर 20 नंदी करावेत. मोडलेली शिंगे धरून हा हिशेब आहे, आणि सोबत्याचा हात धरून नुसतेच आलेले, स्वतःचा नंदी नसलेले मूलही त्यात धरलेले आहे.