बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी ॲप बनवताना या चुका टाळा

नव्या गावी किंवा नव्या देशात राहायला जाणाऱ्यांसाठी ॲप बनवायचे ठरले की पहिल्याच बैठकीत फळ्यावर कामांची यादी उतरते: घर शोधणे, सामान बांधणे, शाळाप्रवेश, बँक खाते, वीजजोडणी. यादी चुकीची नसते. पण ही कामे एकमेकांत कशी अडकलेली आहेत हे तिच्यात दिसत नाही, आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

वापरकर्ते पहिल्या चार-पाच कामांवर खूण करतात आणि मग ॲप उघडेनासे होतात, अशी स्थिती असेल तर आठवणीच्या सूचना वाढवण्याचा मोह आवरावा आणि ते नेमके कोणत्या कामापाशी थांबले ते पाहावे. घरमालक भाडेकरारासाठी स्थानिक बँक खाते मागतो, बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा मागते आणि तो पुरावा म्हणजे नेमका तोच भाडेकरार. ॲप मात्र ही दोन्ही कामे शेजारी शेजारी, रिकाम्या चौकटींसह, जणू कोणतेही आधी केले तरी चालेल अशा थाटात दाखवत राहते. यावर उपाय असा की, प्रत्येक कामासोबत ‘यासाठी आधी काय हाती हवे’ आणि ‘हे झाल्यावर काय हाती येते’ या दोन नोंदी ठेवाव्यात. नोंदींतून असे चक्र उघड झाले, तर ते फोडण्याची वाट, उदाहरणार्थ नोकरी देणाऱ्याचे पत्र किंवा तात्पुरत्या निवासाचा दाखला त्या ठिकाणी चालतो का, हे त्याच स्क्रीनवर सांगावे.

दुसरी चूक तारखांची. निघण्याचा दिवस आठवडाभर पुढे गेला की अनेक ॲपांत अर्धी यादी ‘मुदत उलटली’ म्हणून लाल होते, नाहीतर सगळ्याच तारखा सरसकट पुढे सरकतात. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात कार्यालयाने दिलेली भेटीची वेळही गुपचूप सरकते. निघण्याच्या दिवसावरून मोजलेली तारीख आणि बाहेरच्या कोणी ठरवलेली तारीख यांची साठवण पहिल्यापासून वेगळी असावी. मुदत ज्या कार्यालयाची, तिथल्याच वेळेनुसार ती दाखवावी आणि महिना अक्षरांत लिहावा. ‘०४/०५’ ही तारीख कुठे चार मे, तर कुठे पाच एप्रिल म्हणून वाचली जाते.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक लॉगिनमध्ये असते. प्रवासानंतर माणूस नवे सिम घालतो, ॲप सुरक्षेसाठी पुन्हा ओळख विचारते आणि ओटीपी जुन्या, आता पिशवीच्या तळाशी गेलेल्या सिमवर जातो. नव्या घराचा पत्ता, करार, भेटीची वेळ हे सारे ज्या ॲपमध्ये ठेवले, ते ऐन गरजेच्या वेळी बंद! मोबाइल क्रमांक बदलणार हे गृहीतच धरायला हवे. ईमेल, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करण्याची सोय) किंवा आधीच जपून ठेवलेले पर्यायी कोड यांपैकी एक वाट निघण्यापूर्वीच तयार करून घ्यावी आणि पहिल्या दिवसाचे कागद इंटरनेटशिवायही उघडतील अशी सोय ठेवावी.

फॉर्मबद्दल थोडक्यात: पिनकोड सक्तीचा करू नये (हाँगकाँगमध्ये तो नाहीच आणि आयर्लंडमध्ये देशव्यापी कोड २०१५ मध्ये आला), आडनावही सक्तीचे नको. एकदा भरलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा टंकायला लावू नये, हा तर आता डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या सुगम्यता-मानकातलाच (अपंग व्यक्तींनाही वेबवरील गोष्टी वापरता याव्यात यासाठीच्या नियमावलीतलाच) निकष आहे.

शेवटी यशाचे माप. रोज किती जण ॲप उघडतात हा आकडा इथे दिशाभूल करतो, कारण नव्या घरी स्थिरावलेला माणूस ॲप बंद करतो आणि तसेच व्हायला हवे. त्याऐवजी अडकलेली कामे किती दिवसांत सुटली ते मोजावे. असा माणूस ॲप सोडून गेल्यावर त्याच्या पासपोर्टची आणि कराराची प्रत सर्व्हरवर वर्षानुवर्षे पडून राहते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती प्रत कोणत्या तारखेला मिटवली जाईल हे अपलोड करतानाच दाखवावे आणि त्या तारखेला ती खरोखर, बॅकअपमधूनही, मिटते का याची चाचणी घ्यावी.