पिकअप रस्ता सोडायला बघायची

माझी पंधरा वर्षांची पिकअप साठच्या पुढे गेली की डुलायला लागायची. नारायणगावला टोमॅटो घेऊन जाताना तर जास्तच, कारण मागं वजन पडलं की पुढचा भाग हलका होतो. हवा तपासली, चाकांचं अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणली. दोन दिवस बरं, पुन्हा तेच.

गॅरेजवाला म्हणाला, स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू. मी नको म्हटलं. तो जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ होत नाही.

पुढचं चाक जॅकवर घेतलं. वर-खाली धरून हलवलं, काही नाही. डावं-उजवं हलवलं तर खट्ट! मग चाक खाली टेकवून धाकट्याला स्टेअरिंग जरा जरा हलवायला लावलं नि वाकून बघितलं. डाव्या टाय रॉड एंडचं, म्हणजे स्टेअरिंगचा रॉड चाकाला जोडणाऱ्या सांध्याचं, रबर फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी लाल चिखल. रॉड आधी हलायचा, चाक मागाहून.

दोन्ही बाजूंचे एंड बदलले. जुने काढताना आटे मोजले, नवे तेवढेच फिरवले, नट सुटू नये म्हणून असतात त्या कॉटर पिना नव्या घातल्या. अलाइनमेंट परत करावंच लागलं. पहिल्याचे पैसे पाण्यात गेले. परवा चाळीस क्रेट भरून गेलो, गाडी सुतासारखी सरळ.