गुलाबी कातडीचं घोडं ऑक्टोबरच्या उन्हात बांधू नका

परतीचा पाऊस सरला की मुंबईत ऊन एकदम पाठीवर येतं. तुळशीच्या लग्नानंतर वरातींचा हंगाम, म्हणून पांढरी घोडी आधीच आणून ठेवलेली असते. आणि याच पंधरवड्यात दरवर्षी फोन येतात: "साहेब, नाकाची सालं निघताहेत." म्हणून बाकीचं मागाहून वाचा. सकाळी 10 ते दुपारी 4 गुलाबी कातडीचं जनावर सावलीतच हवं. सावली सरकते, तेव्हा दोरही सरकवा.

गेल्या वर्षी मीरा रोडच्या एका तबेल्यात पाहिलं. घोडी पत्र्याच्या कडेला बांधलेली, सकाळी गारवा, बारानंतर तोंड उन्हात. दोन्ही नाकपुड्यांमधली कातडी भाजलेल्या पापडासारखी उलली होती. बोट नेलं की मान झटकायची. मालकाने उपाय म्हणून दुकानातून 1800 रुपयांचा 'रंग उजळ' टॉनिकचा डबा आणलेला. अहो, रंग पोटातून येत नाही, आईबापाकडून येतो. त्या पैशात शेडनेट आणि बांबू आले असते.

पांढरा दिसला म्हणजे एकच जात नव्हे. नाकाजवळचे केस पाण्याने भिजवा आणि कातडी बघा. काळी असेल तर तो बहुधा सब्जा: जन्मतः गडद, वयाबरोबर पांढरा होत गेलेला. त्याला उन्हाची तितकी भीती नाही. मात्र वय झालं की शेपटीखाली काळ्या गाठी येतात, तिथे हात फिरवून बघत चला. कातडी गुलाबी आणि डोळे निळसर असतील, तर रंग पातळ करणाऱ्या क्रीम जनुकाच्या दोन प्रती आहेत असं समजा. गुलाबी कातडी पण डोळे काळे, तर बहुधा पांढरेपणाचं वेगळं जनुक. व्यापारी मात्र सगळ्यांना सरसकट 'नुकरा', म्हणजे पांढरा घोडा, म्हणून विकतो.

क्रीम जनुकाची एकच प्रत असली तर सुरंग, म्हणजे तांबूस, घोडा सोनेरी होतो, आयाळ-शेपूट पांढरी. कुमैताचं (तपकिरी अंग, काळी आयाळ) अंग पिवळसर होतं, पण आयाळ काळीच राहते. मुश्कीवर, म्हणजे काळ्या घोड्यावर, जवळपास काहीच दिसत नाही, आणि फसगत इथेच होते. असा काळा दिसणारा नर सोनेरी घोडीला लावलात, तर चार शिंगरांमागे एक दुहेरी प्रतीचं निघू शकतं. प्रत्येक वेतात सोडत नव्याने निघते. मागचं शिंगरू काळं झालं म्हणून पुढचं होईलच असं नाही. दुहेरी प्रतीच्या घोडीला प्रत नसलेला नर लावला, तर सगळी शिंगरं एका प्रतीची. मुंबईच्या उन्हासाठी माझं मत हेच: प्रत नसलेला नर लावा. घोडी अकरा महिने सांभाळून मग तोंड भाजणारं शिंगरू कशाला?

गाढवांचं गणित वेगळं. राखाडी अंग, पाठीवर गडद पट्टा, खांद्यावर आडवी रेघ हा त्यांचा मूळ रंग. कच्छच्या छोट्या रणातल्या रानगाढवाच्या पाठीवरही पट्टा दिसतो. तोही रंग पातळ करणाऱ्या जनुकाचाच, पण ते क्रीमचं नव्हे. इटलीतल्या असिनारा बेटावरची पांढरी गाढवं तर वर्णहीन असतात, आणि तो दोष आईबाप दोघांकडून आला तरच उघड होतो. आपल्याकडे पांढरं गाढव घेताना रंगाचं नाव विचारू नका, ओठ उलटून कातडी बघा.

भाजलं असेल तर: सावली, थंड पाण्याची पट्टी, झिंक ऑक्साइडचं साधं मलम पातळ थरात. मोहरीचं तेल नको. फक्त गुलाबी डाग सोलताहेत, पण डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय, तर हे नुसतं ऊन नाही, यकृताचं दुखणं आहे. त्याच दिवशी डॉक्टर. आरेच्या कडेला किंवा डोंगरउतारावर चरायला सोडत असाल तर यकृताला बाधणारं घाणेरीचं झुडूप खाल्लं का, ते आधी आठवा. आणि एक माझा अंदाज, शास्त्रात कुठे वाचलेला नाही: चौपाटीच्या वाळूवर फिरणाऱ्यांचं नाक तबेल्यातल्यांपेक्षा लवकर सोलतं. खालूनही ऊन लागतं, दुसरं काय.

नेहमीची कामं:
- खूर दर 6 ते 8 आठवड्यांनी
- धनुर्वाताची लस दरवर्षी
- जंतासाठी आयव्हरमेक्टिन, किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, तोंडावाटे. 150 किलोच्या गाढवाला 30 मिलिग्रॅम
- खनिज मीठ, स्वच्छ पाणी
- ग्लँडर्सची (घोड्या-गाढवांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी
- दातांची तपासणी

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला डिसेंबरात खरेदीला जाणार असाल तर ग्लँडर्सचा दाखला मागा, ओला फडका सोबत ठेवा आणि कपाळावर, नाकावर घासा. रंग लावलेला असेल तर फडक्याला लागतो. जनुकाची खात्री करायची असेल तर आयाळीचे 20-30 केस मुळासकट उपटा. कात्रीने कापलेले चालत नाहीत. कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट होतात.