छोटं दिसलं की लगेच ‘मिनी’ म्हणू नका, बुटका प्राणी असा ओळखायचा

परवा मामेबहिणीने एक रील पाठवलं, तळहातावर मावणारं डुकराचं पिल्लू आणि खाली लिहिलेलं ‘हे मोठं झालं तरी एवढंच राहतं’. एवढंच कुठलंच डुक्कर राहत नाही. पण तिची काय चूक म्हणा, फोटोत सगळंच खरं वाटतं. पिल्लू, मुळात छोटी असलेली जात, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून बारीक केलेला प्राणी आणि काहीतरी जन्मजात दोषामुळे खुजा राहिलेला एखादाच, या चौघांत फरक जमीन-अस्मानाचा असतो पण स्क्रीनवर सगळे सारखेच गोंडस. म्हणून मी कसं बघतो ते सांगतो.

सगळ्यात आधी वय. बाकी काही बघायचंच नाही, प्राण्याची वाढ पूर्ण झालीय का एवढं शोधायचं. नुसत्या चेहऱ्यावर जाऊ नका, छोट्या जातींचे मोठे प्राणीसुद्धा बाळासारखेच दिसतात, मोठे डोळे, आखूड नाक, गोल डोकं. अंगावरचे पट्टे-ठिपके कधीकधी मदत करतात. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर उभे नाही, आडवे लांब पट्टे असतात आणि वय वाढलं की ते जातात. आसामच्या मानस राष्ट्रीय उद्यानातलं पिग्मी (म्हणजे बुटकं) हॉग म्हणजे जेमतेम २५ सेंटीमीटर उंच आणि ६ ते १० किलोचं डुक्कर, त्याच्या मोठ्या नर-मादीवर पट्टे नसतात. म्हणजे उंच गवतात एवढंसं बिनपट्ट्याचं डुक्कर दिसलं तर पिल्लू म्हणून सोडून देऊ नका. पण हाच नियम पिसोरीला, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या इवल्याशा प्राण्याला, लावायला गेलात की फसलात, तिच्या अंगावर ठिपके-पट्टे जन्मभर राहतात, त्यामुळे ३-४ किलोची पूर्ण वाढलेली पिसोरी बघून लोक चितळाचं पाडस म्हणून मोकळे होतात. शिंगं शोधू नका, पिसोरीला नरालाही शिंगं नसतातच, नराचे वरचे सुळे तोंडाबाहेर डोकावतात ते बघा. आणि खरं सांगायचं तर ती हरणाच्या कुळातलीही नाही, तिचं कुळ वेगळं.

वयाचा जास्त पक्का पुरावा म्हणजे प्राणी पिल्लं द्यायच्या वयात आलाय का. शास्त्रज्ञही हेच बघतात. मादागास्करमधला ब्रुकेसिया नाना हा शॅमेलिऑन, म्हणजे एक प्रकारचा सरडा, २०२१ मध्ये जाहीर झाला, नराची लांबी शेपूट सोडून १३.५ मिलिमीटर, म्हणजे नखावर बसेल. हा दुसऱ्या कुठल्या जातीचं पिल्लू नाही कशावरून? तर मादीचं बारीक स्कॅन केलं तेव्हा तिच्या पोटात दोन अंडी दिसली, विषय संपला. सुमात्राच्या दलदलीतला पेडोसिप्रिस मासा २००६ मध्ये जगासमोर आला, तिथेही ७.९ मिलिमीटरची मादी पूर्ण वयात आलेली होती म्हणूनच त्या आकड्याला किंमत. श्रीलंकेत उडावलवेला आखूड पायांचा एक हत्ती दिसला होता, तो चक्क माजावर आलेला होता आणि स्वतःपेक्षा मोठ्या नराशी भिडला होता, त्याला पिल्लू कोण म्हणणार.

आता डुकराच्या रीलकडे परत. इथे मात्र हा पुरावा उलटा फिरतो आणि विकणारे बरोबर तिथेच खेळतात. ‘मिनी’ म्हणून खपवली जाणारी पॉटबेली जातीची डुकरं काही महिन्यांतच पिल्लं द्यायच्या वयाची होतात पण अंगाने पुढे दोनतीन वर्षं तरी वाढतच राहतात. म्हणजे विकणारा तुम्हाला ‘हे बघा आईबाप पण छोटेच आहेत’ म्हणून दाखवतो ते खोटं नसतं, फक्त ते आईबाप स्वतःच अजून पोरसवदा असतात! पूर्ण वाढलं की हेच डुक्कर ५० किलोच्या पुढे सहज जातं. जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठाने १९६० च्या दशकात प्रयोगशाळेसाठी मुद्दाम बारीक डुकरं तयार केली, तीसुद्धा मोठी झाली की ३५ किलोच्या आसपास भरतात. त्यामुळे आईबापांचा फोटो मागून उपयोग नाही, आईबापांचं वय विचारा, चार वर्षांच्या पुढचं असेल तरच वजनकाट्यावरचा आकडा मागा. मामेबहिणीने विचारलं, तर उत्तर आलं ‘आई गावाला असते’. बरं.

प्राणी समोर नसेल, नुसती हाडं असतील तरी वय कळतं, आणि हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. रोमानियात हात्सेग भागात फ्रान्झ नोप्चा नावाच्या माणसाला आकाराने फारच लहान डायनासोर सापडले, त्याचं म्हणणं असं की तेव्हा तिथे बेट होतं आणि बेटावर अडकून हे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या बुटके होत गेले. ही पिल्लंच असतील अशी शंका मात्र बरीच वर्षं राहिली. शेवटी हाडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले आणि २०१० मध्ये कळलं की ती म्हातारी, पूर्ण वाढलेली जनावरं होती. जर्मनीतल्या ६ मीटरच्या युरोपासॉरस डायनासोरचंही तसंच, हाडाच्या बाहेरच्या कडेला वाढीच्या रेषा दाटीवाटीने होत्या, म्हणजे वाढ थांबत आली होती. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखंच समजा.

वय ठरलं की अंगाचं प्रमाण बघायचं. सगळंच लहान आहे की फक्त पाय आखूड? सगळंच लहान आणि शिवाय इतर गोष्टीही वेगळ्या असतील तर बहुतेक वेगळी जात. पिग्मी पाणघोडा म्हणजे मोठ्या पाणघोड्याची छोटी आवृत्ती नाही, पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात राहणारा २०० ते २७५ किलोचा हा प्राणी एकेकटा फिरतो, डोळे डोक्याच्या वर नसून बाजूला, बोटांमधला पडदाही कमी. थायलंडमध्ये २०२४ मध्ये जन्मलेली पिग्मी पाणघोडी मू डेंग व्हायरल झाली तेव्हा अर्ध्या लोकांना वाटलं ती साध्या पाणघोड्याचं पिल्लू. उलट धड नेहमीएवढं आणि पाय तेवढे तोकडे असतील तर हाडांच्या वाढीतला दोष समजा. डाक्सहुंड, कॉर्गी, बॅसेट या कुत्र्यांचे पाय असे का, तर एका वाढीच्या जनुकाची जास्तीची प्रत, हे २००९ मध्ये सापडलं, आणि माणसाने तो दोषच हौसेने जपला. जंगलात असं क्वचित होतं, तरी युगांडा आणि नामिबियात एकेक जिराफ मिळाला, मान लांबच्या लांब आणि पाय आखूड, २०२० मध्ये त्यांची नोंद छापून आली.

मग बघायचं, एकटाच बुटका आहे का सगळा कळप. ते जिराफ एकटे होते, त्यांची जात होत नाही. पनामाच्या एस्कुदो दे वेराग्वास बेटावरचे पिग्मी स्लॉथ (झाडाला लटकून राहणारे सुस्त प्राणी) मात्र सगळेच छोटे, बेट मुख्य जमिनीपासून तुटून जवळपास ९,००० वर्षं झाली, तेवढ्यात हे आकसले आणि २००१ मध्ये त्यांना वेगळी जात मानलं गेलं. बेटावर खाणं कमी, मोठे शिकारी नाहीत, मोठं अंग पोसायचं कशाला. सिसिलीवर असंच होऊन खांद्याशी जेमतेम १ मीटर उंच हत्ती तयार झाले होते.

नावावर विश्वास ठेवू नका. पिग्मी ब्लू व्हेल २४ मीटरपर्यंत जातो, पिग्मी म्हणे! नावातलं पिग्मी किंवा ड्वार्फ हे नेहमी जवळच्या मोठ्या नातेवाईकाच्या मानाने असतं, तेव्हा कोणाच्या मानाने ते आधी विचारा.

आकडा दिला असेल तर कसला ते बघा. शेपटीसकट मोजलं की शेपूट सोडून? तो मगाचा शॅमेलिऑन शेपूट धरली की १३.५ वरून २२ मिलिमीटरच्या घरात जातो. सगळ्यात छोटा सस्तन प्राणी कोण यावर लोक उगाच भांडतात, वजनाने बघाल तर एट्रस्कन चिचुंद्री, १.८ ग्रॅम, आणि लांबीने बघाल तर थायलंड-म्यानमारचं बंबलबी वटवाघूळ, ३ सेंटीमीटर, दोघंही बरोबर.

पाळायचा विचार असेल तर जंगली छोटे प्राणी सोडूनच द्या. पिग्मी स्लो लोरिस हा मोठ्या डोळ्यांचा, माकडांच्या नात्यातला प्राणी गुदगुल्या केल्यावर हात वर करतो ते रील बघितलं असेल, तो खूश नसतो, कोपराजवळच्या ग्रंथीतलं विष तोंडाशी आणायची तयारी करत असतो. पिग्मी मार्मोसेट ११०-१२० ग्रॅमचं माकड, झाडाच्या सालीला भोकं पाडून डिंक खातं, ते घरात कुठून देणार. नेदरलँड ड्वार्फसारखा पाळीव ससा घेणार असाल तर एक प्रश्न जरूर विचारा, आईबाप दोघंही ड्वार्फ होते का आणि त्या वेतातली किती पिल्लं जगली. बुटकेपणाचं जनुक एका बाजूने आलं तर ससा छोटा होतो, दोन्ही बाजूंनी आलं तर पिल्लू काही दिवसांत मरतं, आणि दोन ड्वार्फ जुळवले की सरासरी चारातलं एक असं निघतं. पैदास करणारे त्याला पीनट म्हणतात.